कोच ओरडला की पोरगं पळतं, मग प्रॉब्लेम काय?

मागच्या अंकात फुटबॉल मॅचच्या हाफटाइमच्या पंधरा मिनिटांत कोचने काय बोलावं यावर थोडं लिहिलं होतं आणि त्यात ‘शिव्या देऊन टीम जिंकत नाही’ असं एक वाक्य जाता जाता टाकलं होतं. बाकी सगळं राहिलं बाजूला, पत्रं आली ती त्या एकाच वाक्यावर. काही जण चांगलेच चिडलेत. त्यातली थोडी इथे घेतोय, नावं कुणाचीच छापत नाही, पोरांचा मामला आहे.

प्रश्न : सर, आम्ही कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. पोरगं १३ वर्षांचं, मिडफिल्डला खेळतंय. त्याचा कोच लय कडक आहे, मॅच बेकार गेली की दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला एकेकाची अशी काढतो की ऐकणाऱ्याचे कान लाल व्हावेत. पण खरं सांगू का, पुढच्या मॅचला पोरं जीव तोडून खेळतात. आणि कधी चुकून कौतुक केलं की पुढची मॅच हमखास ढिली. हे मी स्वतः ग्राउंडवर उभा राहून बघतोय. घरात मंडळी म्हणते क्लब बदला. तुम्ही लिहिता शिव्यांनी काही होत नाही, मग हे काय आहे?

उत्तर : दादा, तुम्ही जे बघताय ते खोटं नाहीये. पोरं पुढच्या मॅचला खरंच बरी खेळतात. फक्त त्याचं श्रेय शिव्यांना देऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

डॅनियल कानेमन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, २००२ साली त्यांना अर्थशास्त्रातलं नोबेल मिळालं. तरुणपणी ते इस्रायलच्या हवाई दलात पायलट घडवणाऱ्या इन्स्ट्रक्टर लोकांना शिकवायला जायचे आणि तिथे ते सांगत होते की माणूस शिकतो तो शिक्षेपेक्षा शाबासकीने जास्त. तर एक जुना जाणता इन्स्ट्रक्टर उठला आणि अगदी तुमच्यासारखंच बोलला. म्हणाला, साहेब, माझा अनुभव उलटा आहे, पोराने विमान मस्त फिरवलं म्हणून कौतुक केलं की पुढच्या वेळी ते बिघडतं आणि वाईट केलं म्हणून झापलं की पुढच्या वेळी सुधारतं, तेव्हा हे शाबासकीचं आम्हाला सांगू नका. कानेमननी काय केलं, जमिनीवर खडूने एक खूण केली आणि सगळ्या इन्स्ट्रक्टरांना सांगितलं की तिच्याकडे पाठ करून दोन नाणी फेका, एकामागून एक. अंतरं मोजली, फळ्यावर लिहिली. ज्यांचं पहिलं नाणं खुणेच्या अगदी जवळ पडलं होतं त्यांच्यातल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं आणि ज्यांचं पहिलं भलतीकडेच गेलं होतं त्यांच्यातल्या बहुतेकांचं दुसरं जवळ आलं. आता नाण्याला तर कुणी झापलं नव्हतं ना!

पोरांच्या खेळाचंही तसंच असतं. १३ वर्षांचं पोरगं एका रविवारी राजासारखं खेळतं आणि दुसऱ्या रविवारी त्याला बॉल सापडत नाही, झोप, शाळेची परीक्षा, ओलं ग्राउंड, समोरचा तगडा डिफेंडर, शंभर कारणं असतात. कोच ओरडतो कधी? सगळ्यात घाण मॅचनंतर. त्याच्या खाली जायला जागाच नसते, मग पुढची मॅच बहुतेक वेळा बरी जाणारच, कोच ओरडला असता तरी आणि गप्प बसला असता तरी. कौतुक होतं सगळ्यात भारी मॅचनंतर, तिथून पुढे बहुतेक वेळा खालीच यायचं असतं. त्यामुळे होतं काय की कोचला ओरडल्याचं बक्षीस मिळत राहतं आणि कौतुक केल्याची शिक्षा, आणि दहा-पंधरा वर्षांत तो माणूस पक्का ओरडणारा होऊन जातो, त्याला मनापासून वाटतं की आपल्या हातात जादू आहे. दुष्ट असतो असं नाही, फसलेला असतो.

तुमच्या कोचशी ओळख असेल तर एक सुचवा. वाईट मॅच झाली की एकदा झापा आणि पुढच्या वाईट मॅचनंतर काहीच न बोलता सरळ पासिंगची प्रॅक्टिस घ्या, असं आलटून पालटून करा आणि पुढची मॅच कशी गेली ते वहीत लिहून ठेवा. सीझनभर लिहिल्यावर वही काय म्हणते ते बघू. माझी पैज आहे, पण ती राहू दे.

आता याचा अर्थ कोचने आवाज चढवूच नये असा नाही हो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या कोल्हापूरच्या दोन टीमची मॅच लागली की पब्लिक काय आवाज करतं ते मी तुम्हाला सांगायला नको, त्या गोंगाटात हळू बोलून उपयोगच नाही. मुद्दा आवाजाचा नाही, ओरडण्यात माल काय आहे त्याचा आहे. ‘झोपलायस काय रे’ यातून पोराला काय कळलं? काही नाही. पास चुकला हे त्याला तुमच्या आधी कळलेलं असतं. ‘बॉल यायच्या आधी मागं एक नजर टाक’ हे त्याच आवाजात ओरडून सांगा, पोराच्या हातात काहीतरी पडतं. बरेच पालक म्हणतात की उद्या सीनियरला गेल्यावर हजारो लोकांच्या शिव्या खायच्याच आहेत, आत्तापासून सवय होऊ दे. पण पब्लिकचं ऐकायचं नसतं आणि कोचचं ऐकायचं असतं, दोघांची भाषा एकच झाली तर पोरगं दोघांनाही कान बंद करून टाकतं.

आणि एक गोष्ट सरळ सांगतो. आईबहिणीवरून शिव्या असतील किंवा हात उचलला जात असेल तर ही चर्चा इथेच थांबवा, ती कोचिंगची स्टाइल वगैरे नाही. क्लबच्या कमिटीला लेखी द्या, ऐकत नसतील तर वहिनी म्हणतायत तेच करा.

प्रश्न : मी पुण्यात १२ वर्षांखालच्या मुलींची टीम घेते, कोचिंगचं डी लायसन्स केलेलं आहे. माझा स्वभाव ओरडायचा नाही, मी सतत ‘व्हेरी गुड’, ‘मस्त’ म्हणत असते. आता पालक मीटिंगमध्ये म्हणाले की मॅडम तुम्ही फार गोड बोलता म्हणून मुली सीरियस होत नाहीत, लीगमध्ये आपण खालच्या नंबरात आहोत. कौतुकाने मुली खरंच बिघडतात का?

उत्तर : ताई, पालक निम्मे बरोबर आहेत आणि तुम्हीही निम्म्या.

आधी तुमच्या बाजूचं. अमेरिकेत सिएटलला रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल कोचवर अनेक वर्षं काम केलं, १९७० च्या दशकापासून. खेळ वेगळा, पण कोच तसेच आणि पालक तर अगदी आपल्यासारखेच. त्यांनी काही कोचना थोडंसं ट्रेनिंग दिलं की चांगल्या प्रयत्नाला दाद द्या, चूक झाली की आधी धीर द्या आणि मग पुढच्या वेळी काय करायचं ते सांगा, शिक्षा आणि टोमणे बंद. दुसऱ्या कोचना काहीच सांगितलं नाही. नंतर १९९२ साली छापून आलेल्या अभ्यासात त्यांनी पुढच्या सीझनला किती मुलं परत आली ते मोजलं. ट्रेनिंग न घेतलेल्या कोचकडची २६ टक्के मुलं खेळ सोडून गेली होती, ट्रेनिंगवाल्यांकडची फक्त ५ टक्के. हा आकडा मीटिंगमध्ये सांगा, पण त्याच्या पुढचंही प्रामाणिकपणे सांगा की मॅच जिंकण्या-हरण्यात दोन्हीकडे फरक नव्हता. म्हणजे गोड बोलून पॉइंट टेबलवर वर जाता येतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण १२ वर्षांची पोरगी १५ व्या वर्षी पण बूट घालतेय का हे जास्त महत्त्वाचं की यंदाचा नंबर, हे पालकांनी एकदा ठरवून टाकावं. मुलींच्या बाबतीत तर जास्तच, कारण दहावी आली की पहिली कुऱ्हाड खेळावर पडते हे आपण घरोघरी बघतो.

आता पालकांची बाजू. सगळ्यालाच ‘व्हेरी गुड’ म्हटलं तर त्याची किंमत शून्य, मुली हुशार असतात, त्यांना बरोबर कळतं की मॅडमचं हे तोंडातलं आहे. कॉर्नर सरळ बाहेर मारला आणि तुम्ही ‘मस्त’ म्हणालात तर तिला वाटतं एक तर मॅडमनी बघितलं नाही नाहीतर मॅडमना फुटबॉल कळत नाही. त्यापेक्षा कमी बोला आणि नेमकं बोला. ‘डाव्या पायाने घेतलास ना बॉल, गेल्या आठवड्यात घाबरत होतीस’, बस, एवढं एक वाक्य ती पोरगी घरी जाऊन आईला सांगते.

आणि ‘किती टॅलेंटेड आहेस गं’ हे तर बंदच करा. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांचा एक अभ्यास छापून आला, पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली आणि नंतर काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांनाच आपटवलं. ‘हुशार’ ऐकलेली मुलं लवकर खचली, पुढची कोडी पण वाईट सोडवली आणि वर किती मार्क पडले ते सांगताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी थापा मारल्या. स्ट्रायकरला ‘बॉर्न गोलस्कोरर’ म्हणून ठेवा आणि मग सलग तीन मॅच गोल झाला नाही की तिचं काय होतं बघा.

आता कुणी पालक म्हणालेच की मोठे कोच असे गोड बोलत नाहीत, तर त्यांना अ‍ॅलेक्स फर्ग्युसनचं सांगा. १९८६ ते २०१३ इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबला कोच, १३ लीग टायटल, आणि ओळख काय तर हेअरड्रायर, म्हणजे तोंडासमोर येऊन असा ओरडायचा की केस मागे उडावेत. तोच माणूस शेवटच्या वर्षांत हार्वर्डच्या प्राध्यापिकेला म्हणाला होता की प्रॅक्टिसच्या मैदानावर टीकेला जागा नाही आणि खेळाडूसाठी ‘वेल डन’सारखे दुसरे शब्द नाहीत. ओरडणं मॅचच्या दिवसापुरतं, मॅच संपल्या संपल्या ड्रेसिंग रूममध्ये बोलून मोकळं व्हायचं, सोमवारपर्यंत ते मनात घेऊन फिरायचं नाही. आपल्याकडे लोकांनी हेअरड्रायर तेवढा उचलला, वेल डन राहिलं तिकडेच.

प्रश्न : मी १६ वर्षांचा आहे, ठाण्यात क्लबला लेफ्ट बॅक खेळतो. आमचे सर मॅचचे व्हिडिओ कापून माझ्या चुका टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात, खाली हसायचे इमोजी. सगळे त्यावर मजा घेतात. आणि आमचा स्ट्रायकर उशिरा आला, डिफेन्सला पळाला नाही तरी त्याला एक शब्द नाही. मला खेळायचंय पण ग्रुपचा मेसेज आला की पोटात गोळा येतो. क्लब सोडू का?

उत्तर : मित्रा, तुझ्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या एकत्र नको करूस.

स्ट्रायकरची आधी घेतो, कारण ती तुला आवडणार नाही. मोठमोठ्या कोचनी सगळ्यांना एकाच काठीने हाकलेलं नाही. फर्ग्युसन कुणालाही सोडायचा नाही म्हणतात, पण एरिक कँटोना या आपल्या स्टार फॉरवर्डवर तो ओरडायचा नाही. १९९५ च्या जानेवारीत क्रिस्टल पॅलेसच्या ग्राउंडवर कँटोनाने प्रेक्षकाला लाथ मारली, आठ महिने बॅन झाला, तो सगळं सोडून निघायच्या तयारीत होता तर फर्ग्युसन स्वतः पॅरिसला जाऊन त्याला समजावून परत घेऊन आला. पुढच्याच सीझनला युनायटेडने लीग आणि एफए कप (इंग्लंडची नॉकआउट स्पर्धा) दोन्ही घेतले आणि कपच्या फायनलमधला एकमेव गोल कँटोनाचा. दुसरीकडे डेव्हिड बेकहॅम, जो युनायटेडमध्येच पोरवयापासून वाढला. फेब्रुवारी २००३ मध्ये आर्सेनलकडून कपची मॅच २-० हरल्यावर फर्ग्युसनने रागात खाली पडलेल्या बुटाला लाथ घातली आणि तो बूट जाऊन बसला बेकहॅमच्या भुवईवर. त्या उन्हाळ्यात बेकहॅम रेआल माद्रिदला गेला. तर प्रत्येकाशी बोलायचा सूर वेगळा असू शकतो, त्यात अन्याय नाही. पण नियम एकच पाहिजे. प्रॅक्टिसला उशीर झाला की बाहेर, हा नियम तुला लागू आणि स्ट्रायकरला नाही, तर मग तो सरळसरळ लाडका आहे आणि तुझा राग बरोबर आहे.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, ती म्हणजे चारचौघांत. तुझ्याच पोझिशनचा किस्सा सांगतो. एप्रिल २०१७ मध्ये एव्हर्टनबरोबरच्या मॅचनंतर युनायटेडचा तेव्हाचा कोच जोसे मोरिन्यो आपल्याच लेफ्ट बॅक ल्यूक शॉबद्दल जाहीरपणे बोलला की शरीर त्याचं होतं पण डोकं माझं, तो माझ्यासमोरच खेळत होता आणि त्याच्यासाठी सगळे निर्णय मीच घेत होतो. कॅमेऱ्यासमोर, जगाने ऐकलं. शॉ तेव्हा २१ वर्षांचा होता आणि त्याआधी पाय मोडून मोठ्या दुखापतीतून उठलेला. आता गंमत बघ, मोरिन्योचं निरीक्षण चुकीचंच होतं असं मी म्हणत नाही, लेफ्ट बॅकने कधी वर जायचं आणि कधी आत यायचं हे डोक्याचंच काम आहे. पण ते शॉला खोलीत बसवून व्हिडिओ लावून दाखवता आलं असतं. मोरिन्यो २०१८ च्या डिसेंबरमध्ये गेला, शॉ तिथेच राहिला आणि जुलै २०२१ मध्ये वेम्बलीवर युरोच्या फायनलला इटलीविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल मारला. इंग्लंड पेनल्टीवर हरलं ते सोड.

क्लब लगेच सोडू नकोस. प्रॅक्टिस संपल्यावर सर एकटे असताना जा आणि विचार, ‘सर, त्या क्लिपमध्ये मी नेमकं कुठे उभं राहायला पाहिजे होतं?’ रडगाणं नाही, इमोजीचा विषय पण आधी काढायचा नाही. सरांनी जमिनीवर रेघा मारून, बाटल्या ठेवून तुला दाखवलं तर माणूस कामाचा आहे, फक्त ग्रुपचं त्याला भान नाही, मग सांग की सर चुका मला पर्सनलवर पाठवा, ग्रुपवर नको. आणि उत्तर ‘तुला अक्कलच नाही’ असं आलं तर त्याच्याकडे तुला शिकवायला काही नाहीये. मग घरच्यांना सांग, सीझन संपायची वाट बघू नकोस. पोटातला गोळा सुद्धा घरी सांग, तो लपवायची गोष्ट नाही.

प्रश्न : आमच्या नाशिकला एका वर्कशॉपमध्ये सांगितलं की आधी चांगलं बोला, मग चूक सांगा, मग परत चांगलं बोला. सँडविच म्हणे. चालतं का?

उत्तर : दोन वेळा चालतं. तिसऱ्या वेळी पोराला कळतं की सर कौतुक करायला लागले म्हणजे मागून ‘पण’ येतोय आणि मग खरं कौतुक पण त्याला संशयास्पद वाटायला लागतं. चांगलं झालं असेल तर ‘चांगलं झालं’ म्हणा आणि गप्प बसा, चूक असेल तर चूक सांगा. १९९६ मध्ये क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी फीडबॅकवरचे ६०० च्या वर निकाल एकत्र करून तपासले तर एक तृतीयांशापेक्षा जास्त ठिकाणी फीडबॅक दिल्यावर काम उलट बिघडलं होतं. त्यांच्या मते माणसाचं लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याच्यावर गेलं की गडबड होते. त्यात शिव्या पण आल्या आणि लाडीगोडी पण.

प्रश्न : सगळी उदाहरणं गोऱ्या लोकांचीच देता. भारतात कोचच नव्हते का? – मिरजेहून एक जुना हाफबॅक

उत्तर : काका, होते की, आणि कसले! हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम घ्या, मूळचे शिक्षक. १९६२ ला जकार्तामध्ये एशियन गेम्सचं गोल्ड आपल्याला मिळवून दिलं तेव्हा त्यांना कॅन्सर होता, पुढच्याच वर्षी गेले. त्यांची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ते स्पर्धाच अशा घ्यायचे की ज्यात फक्त कच्च्या पायानेच खेळायचं, किंवा ड्रिबल करायचंच नाही. तुझा डावा पाय बेकार आहे असं पोराला तोंडाने सांगायची गरजच नाही, पाच मिनिटांत त्याचं त्याला कळतं आणि महिनाभरात पाय सुधारायला लागतो. झापणं नाही, लाड नाही, काम ड्रिलनेच केलं. जर्नेल सिंग डिफेंडर, डोक्याला टाके पडलेले, त्याला उचलून फॉरवर्डला घातला आणि त्याने सेमीफायनलला गोल मारला आणि फायनलला पण मारला. असा भरवसा टाकणं यापेक्षा मोठं कौतुक कुठलं असतं मला तरी माहीत नाही.

फायनलमधला पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दक्षिण कोरियाविरुद्ध २-१. हेच पीके पुढे कोलकात्यात कोच झाले आणि त्यांचं बोलणं ‘वोकल टॉनिक’ म्हणून गाजलं, ड्रेसिंग रूममध्ये पोरांना असं काही पेटवायचे की बास. त्यांच्या उलट अमल दत्त, डोक्याने जबरदस्त पण जीभ तिखट. १९९७ च्या फेडरेशन कप सेमीफायनलला दत्त मोहन बागानचे कोच, त्यांची डायमंड सिस्टिम (खेळाडू हिऱ्याच्या आकारात उभे करायची पद्धत) जोरात होती, तर त्यांनी मॅचच्या आधी ईस्ट बंगालच्या प्लेयरना नावं ठेवायला सुरुवात केली. भाईचुंग भूतियाला ‘चुंगचुंग’, ओमोलोला ‘ऑमलेट’, सोसोला ‘शोशा’, म्हणजे बंगालीत काकडी. पलीकडे कोच पीके. त्यांना टॉनिक वेगळं शोधावंच लागलं नाही, दत्तांनीच बाटली भरून दिली होती. सॉल्ट लेकला सव्वा लाखाच्या वर पब्लिक, ईस्ट बंगाल ४-१, भाईचुंगची हॅटट्रिक.

आता तुम्ही म्हणाल मग टोमण्याने पण खेळाडू पेटतोच की. पेटतो, पण टोमणा समोरच्या कोचचा होता. भाईचुंगच्या पाठीशी त्याचा स्वतःचा कोच उभा होता. तेच चुंगचुंग पीकेंनी म्हटलं असतं तर हॅटट्रिक झाली असती का, सांगा तुम्हीच.

प्रश्न : नागपूरहून लिहितेय. मॅच हरल्यावर घरी येताना गाडीत मुलगा काही बोलत नाही, त्याचे बाबा मात्र प्रत्येक चूक परत परत सांगत असतात, मी कौतुक केलं तर दोघं चिडतात. मी काय बोलू?

उत्तर : मॅचबद्दल काही नाही. भूक लागलीय का विचारा, वाटेत पोहे-तर्री दिसली तर गाडी थांबवा. त्याला बोलायचं असेल तर तो स्वतः काढेल विषय, बऱ्याचदा रात्री झोपताना काढतात पोरं, तेव्हा फक्त ऐका. चुका सांगायला कोच आहे, एका पोराला दोन कोच लागत नाहीत, त्यातून दुसरा गाडी चालवत असताना तर अजिबातच नाही. बाबांना सांगा, समोर रस्त्याकडे बघा. आणि पोराला सांगा की बुटाचा चिखल झाडल्याशिवाय गाडीत बसायचं नाही, तेवढी टीका त्याला पचेल.